जर्मनमधला तो 'यु'सारखा स्वर कानाला वेगळा ऐकूच येईना, काय करावं?

खानापूरची_सिस्टर:

नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, घरी मराठी, शाळा मराठी, नर्सिंग बेळगावात केलं आणि पाच वर्षं झाली इथंच एका दवाखान्यात ड्युटी करते. सात महिन्यांपासून जर्मन शिकतेय कारण तिकडं नर्स म्हणून जायचं तर बी-टू पातळीपर्यंत जर्मन यावं लागतं. व्याकरण जमतंय, डेर-डी-डास (नामाच्या आधी लिंगाप्रमाणं लागणारे शब्द) पाठ करून करून बसलं डोक्यात, वाचायला दिलं तर वाचते पण, पण ऐकण्याच्या पेपरात दरवेळी मार खातेय आणि नीट बसून बघितलं तेव्हा कळलं की चुका सगळ्या एकाच जागी होतायत, त्या म्हणजे स्वरांवर.

उदाहरण देते. आईला ते मुट्टर म्हणतात. एकापेक्षा जास्त आया असल्या तर उ वर दोन टिंबं येतात आणि उच्चार बदलतो. क्लासमध्ये फळ्यावर तो देवनागरीत 'म्युट्टर' असा लिहून देतात. आम्ही वहीत उतरवून घेतलं, पाठ केलं, म्हणून दाखवलं, सगळं झालं. पण रेकॉर्डिंग लावलं की त्यात मला 'म्यु' कुठंच ऐकू येत नाही! कधी मु वाटतं, कधी मि वाटतं, आणि मी अंदाजानं टिक करते. चारला ते फीअ म्हणतात आणि 'साठी' ह्या अर्थाचा शब्द वहीत 'फ्युअ' आहे, हे दोन मला बोलणाऱ्याच्या तोंडून अगदी एक ऐकू येतात. उशीला किस्सन म्हणतात आणि मुका घेणे म्हणजे 'क्युस्सन'. आता तुम्हीच सांगा, मी उद्या वॉर्डात पेशंटला विचारणार उशी पाहिजे का, आणि तोंडातून काय जाईल ह्याची मला खरंच धास्ती वाटते.

परवा रात्रपाळीला एक शांत तास मिळाला तेव्हा मोबाईलवर ही किस्सन-क्युस्सन जोडी लावून तीस वेळा ऐकली, डोळे मिटून कागदावर लिहीत गेले. तीसपैकी सोळा बरोबर आले. म्हणजे नाणं उडवून लिहिलं असतं तरी एवढेच आले असते. माझ्या बरोबरची एक मुलगी केरळची आहे, तिला निम्म्याहून बऱ्याच जास्त येतात, त्यामुळं अजून वाईट वाटलं.

माझा कान खराब आहे का? स्टेथोस्कोपमधून छातीतला बारीक आवाज मला कळतो, ह्यात काय अडलंय? वय २९ आहे, आता हे येणारच नसेल तर तसंही सांगा, पण कुणाला अनुभव असेल तर मार्ग सांगा प्लीज.

रविवारपेठ_डाळवाला:

ताई, मला जर्मन येत नाही पण हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे म्हणून लिहितो. आमचा डाळी-कडधान्याचा धंदा, घरी मराठी आणि दुकानात निम्मं कन्नड. मी लहानपणापासून कन्नड बोलतो, लोक म्हणतात लई चांगलं बोलतो. पण म्हैसूरकडच्या एका व्यापाऱ्याबरोबर फोनवर बोलणं झालं तेव्हा मी विचारलं यंदा पीक कसं आहे आणि तो मला तूरडाळीचा भाव सांगत बसला. मी परत विचारलं, तो परत भाव. शेवटी त्यानंच हसून समजावलं की पीक म्हणजे बॆळे, त्यातला पहिला ए आखूड, तोंडातून लगेच सोडायचा, आणि डाळ म्हणजे बेळे, पहिला ए लांब. मी आयुष्यभर दोन्हीला एकच म्हणत आलो होतो. आणि ऐकताना सुद्धा एकच ऐकत होतो, हे जास्त महत्त्वाचं.

गंमत म्हणजे आपल्या बेळगाव-धारवाडकडच्या कन्नडात हा घोळ होतच नाही, कारण इकडं डाळीला 'ब्याळी' म्हणतात आणि पिकाला 'बॆळी'. नकोला पण बेड न म्हणता 'ब्याड', पेठेला 'प्याटी'. त्यामुळं मला त्या आखूड-लांब ए ची कधी गरजच पडली नाही. गरज पडली तेव्हा महिनाभरात कान उघडला. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेला होतो. तुम्ही २९ ला काय घाबरता.

उच्चार_शिकवणारी:

सिस्टर, तुमचा कान अजिबात खराब नाही. मी भाषाविज्ञान शिकवते आणि दरवर्षी पहिल्या तासाला पोरांचं हेच तोंड बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली गोष्ट, रेकॉर्डिंगमध्ये तुम्हाला 'म्यु' ऐकू येत नाही कारण तिथं 'म्यु' नाहीच. तुमचा कान खरं सांगतोय, वही चुकीचं सांगतेय. त्या स्वरात य पण नाही आणि उ पण नाही. तो एकच स्वर आहे, ज्यात जीभ ई च्या जागी असते आणि ओठ ऊ सारखे गोल असतात, दोन्ही एकाच वेळी. मराठीत जीभ पुढं असली की ओठ पसरलेले आणि जीभ मागं असली की ओठ गोल, असंच असतं. ई म्हणताना ओठ गोल करायची वेळ आपल्यावर जन्मात येत नाही. मग असा स्वर ऐकला की आपलं डोकं काय करतं, त्याचे दोन तुकडे करून एकामागून एक मांडतं, जिभेचं पुढं असणं य ला देतं आणि ओठांचं गोल असणं उ ला. झालं 'यु'. हे आपणच करतो असं नाही. फ्रेंचमध्ये पण हाच स्वर आहे आणि तो इंग्रजीत गेला तेव्हा त्यांनी पण त्याचं यू केलं, म्यूझिक हा शब्द बघा, फ्रेंच माणूस त्यात य म्हणत नाही.

आणि हे बघायला जर्मनीला जायची पण गरज नाही, खडेबाजारातनं चालत गेलात तरी दिसेल. कुठल्याही बँकेची पाटी वाचा. मराठीत आपण 'बँक' लिहितो, कन्नडमध्ये लिहिलेलं असतं 'ब्यांक'. कारण मराठीनं इंग्रजीसाठी ॲ आणि ऑ असे दोन नवे स्वर मांडून घेतले, कन्नडनं तो ॲ फोडून य आणि आ केला. जुन्या मराठी छपाईत आपल्याकडं सुद्धा 'ब्यांक' सापडतं. डाळवाले दादा म्हणाले ते ब्याळी-ब्याड पण ह्याच घरातलं, तिथंही स्वर फुटून आत य आलाय. खेड्यात आपण एक ला येक आणि ओलं ला वलं म्हणतो की, आणि कन्नडमधले आकडे आपल्याला वंदु, यरडु असे ऐकू येतात, तिथंही सुरुवातीच्या ए-ओ च्या आधी य-व चिकटतो. स्वराला य-व जोडायची, नाहीतर स्वर फोडून त्यातनं य-व काढायची ही सवय इकडच्या सगळ्याच भाषांत मुरलेली आहे.

दुसरी गोष्ट, हे कधीपासून होतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांनी १९९२ मध्ये सहा महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला, काही बाळं अमेरिकेतली आणि काही स्वीडनमधली. आणि त्यांनी कुठले स्वर निवडले माहितीय? एक इंग्रजीतला ई आणि दुसरा स्वीडिश भाषेतला, ज्यात जीभ ई ची आणि ओठ गोल, म्हणजे तुमचाच स्वर! त्यांनी प्रत्येक स्वराचे थोडे थोडे बदललेले नमुने बाळांना ऐकवले. अमेरिकन बाळं ई चे बरेचसे नमुने एकाच गाठोड्यात टाकत होती आणि त्या दुसऱ्या स्वराचे नमुने त्यांना जास्त वेळा वेगवेगळे वाटत होते. स्वीडिश बाळांचं बरोब्बर उलटं. म्हणजे बोलायला यायच्या आधीच, सहाव्या महिन्यात, घरात कानावर पडणाऱ्या भाषेनं स्वरांची गाठोडी बांधायला घेतलेली असतात. तुमची गाठोडी खानापुरात मराठीत बांधली गेली. त्यात ई चं आहे, ऊ चं आहे, मधलं नाही, म्हणून तो स्वर कधी इकडं पडतो आणि कधी तिकडं. तीसपैकी सोळा येणं हे त्याचंच चिन्ह आहे.

पण गाठोडं बांधलं म्हणजे गाठ सुटत नाही असं नाही. पुढं लिहिते, आत्ता तास आहे.

मच्छेकर:

मला वाटतं तुम्ही उगाच एवढा विचार करताय. मी आठ वर्षं दुबईत काम केलं, तिथं कोण कुठला आणि कसा बोलतो, कुणाचं काही अडत नाही. वाक्यावरनं माणसाला कळतं. उशी हातात घेऊन कुणी मुका मागत नाही हे पेशंटला पण कळतंच की. ग्रामर आणि शब्द वाढवा, स्वर आपोआप येतील.

खानापूरची_सिस्टर:

दादा, समोरासमोर असलं की तुमचं खरं आहे. पण रात्री फोनवर डॉक्टर सांगणार एवढं द्या, तेवढं देऊ नका, तिथं चार ऐकलं का 'साठी' ऐकलं ह्यावर सोडून चालत नाही. इथं कन्नड पेशंटच्या बाबतीत मी हेच बघितलंय, पहिल्या वर्षी एक आजी मला 'बॆन्नु ब्यानी' म्हणत होत्या, पाठ दुखतेय, आणि मी बॆण्णी म्हणजे लोणी ऐकलं, म्हटलं ह्यांना लोणी कशाला पाहिजे. आजी बिचाऱ्या तासभर तशाच पडून होत्या. ते मी विसरलेली नाही. म्हणून विचारतेय.

आणि मॅडम, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच. सात महिने मी स्वतःला दोष देत होते. पुढचं नक्की लिहा.

उद्यमबागवाला:

मी फाउंड्रीच्या कामानं जर्मनीत स्टुटगार्टजवळ तीन वर्षं होतो, त्यामुळं ह्यातलं थोडं भोगलंय. सिस्टरचं बरोबर आहे, फोनवर अडतं. जर्मन लोकांचं स्वतःचं सुद्धा अडतं! त्यांच्यात दोनला त्स्वाय म्हणतात आणि तीनला द्राय. फोनवर दोन्हीतलं आय तेवढं ऐकू येतं, म्हणून ते फोनवर दोनला मुद्दाम 'त्स्वो' म्हणतात. जून-जुलैचं पण तसंच, यूनी आणि यूली फोनवर एकसारखे जातात म्हणून कुणी कुणी यूनो आणि यूलाय म्हणतात. म्हणजे स्वर बदलून घोळ टाळायची पद्धत त्यांनीच काढलेली आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हा त्स्वो कुठला नवीन आकडा.

आता उपाय, मला जो लागू पडला तो. आरशासमोर उभं राहा. लांब ईऽऽऽ म्हणा. म्हणत राहा, थांबू नका, आणि जीभ जिथं आहे तिथंच ठेवून फक्त ओठ हळूहळू गोल करत आणा, शिट्टी मारतो तसे. जो आवाज निघेल तोच तो. जीभ मागं सरकायला बघते, तिला सरकू द्यायचं नाही, तिचं टोक खालच्या दातांना टेकवून ठेवलं तर सोपं जातं. तसंच एऽऽऽ म्हणत ओठ ओ सारखे केले की तो दुसरा टिंबांचा ओ मिळतो, शोन म्हणजे 'आधीच' आणि त्यातला ओ बदलला की सुंदर. मी कंपनीच्या बसमधनं येताना-जाताना खिडकीकडं तोंड करून करत होतो. दोन आठवड्यात तोंड बसलं आणि तोंड बसल्यावर कान पण बसायला लागला, उलट नाही झालं. निदान माझं तरी.

लांबीचा मुद्दा वेगळा आहे, त्यात एक नियम खूप कामाला येतो. लिहिताना स्वरानंतर व्यंजन जोडीनं आलं तर स्वर आखूड, एकटं आलं किंवा मधे ह आला तर बहुतेक लांब. भाडं म्हणजे मीट, मध्य म्हणजे मिट्ट, दोन्हीच्या शेवटी तो बारीक अं. भट्टीला ओफन आणि उघडं म्हणजे ऑफन, हे तर आपल्याला फुकटात मिळतं कारण ऑ आपल्याकडं आहेच, कॉफीतला. फाउंड्रीत भट्टी उघडी आहे हे वाक्य दिवसातनं वीसवेळा लागायचं, त्यामुळं हे मला पक्कं बसलं.

आणि तो शेवटचा बारीक अं, प्लीजला बिट्टे म्हणू नका, टे असा स्पष्ट ए नाही तिथं. आपण केलं, गेलं, बघितलं म्हणतो त्यातला शेवटचा अं घ्या, बिटं, डांकं. लगेच जर्मन वाटायला लागतं. बोलीतला हा अं आपल्याकडं आधीपासून आहे हे मला तिथं गेल्यावर कळलं.

वडगावची_आई:

माझी दोन्ही पोरं कन्नड मीडियमला घातली तेव्हा सासूबाई लई रागावल्या होत्या. सहा महिन्यात धाकटी मला सुधारायला लागली, आई तू ऒले म्हणजे चूल नीट म्हणत नाहीस, ओले म्हणतेस, ते वेगळं. मी म्हटलं ओले म्हणजे मराठीत भिजलेले, ती म्हणते ते तिसरंच. मला त्या तिन्हीत काही फरक कळत नव्हता, पोरीला मात्र सरळ दिसत होता. अजून मला शंभर टक्के येत नाही पण तिच्या तोंडाकडं बघून ऐकलं की कळतं. नुसतं ऐकण्यापेक्षा तोंड बघून ऐका, सिस्टर, व्हिडिओ लावा, नुसता ऑडिओ नको.

शहापूर_पेटीमास्तर:

मी गाणं शिकवतो, पेटी वाजवतो. जर्मन आणि भाषाविज्ञान माझा प्रांत नाही पण स्वर हा शब्द आमच्याकडचा, म्हणून राहवत नाही.

पेटीवर काळी एक धरा. त्याच सुरावर आ म्हणा, मग ई, मग ऊ. सूर हलला का? नाही. पट्टी तीच, तरी आ ई ऊ वेगळे का लागतात? आम्ही मुलांना आकार, इकार, उकार वेगळा घोटून घेतो कारण सूर तोच राहिला तरी आवाजाचा रंग बदलतो, आणि काही पोरांचा ई वर सूर लागतो आणि ऊ वर दबतो. मग हा रंग कुठनं येतो? माझे गुरू एक गोष्ट करून दाखवायचे ती सांगतो. कुजबुजून म्हणा. आवाज लावायचा नाही, नुसती हवा. ई, ए, आ, ओ, ऊ. आता ऐका. गळ्यातला सूर तर बंद आहे, तरी काहीतरी वरनं खाली उतरत येतं की नाही? ई ला पातळ, वर, आणि ऊ ला घागरीत फुंकल्यासारखं खाली. ते तोंडाच्या पोकळीचं स्वतःचं बोलणं आहे. तानपुऱ्याची जवारी नीट लावली की एका तारेतनं वरचे सूर झिरपतात, तसंच.

ताई, तुम्ही तो जर्मन स्वर कुजबुजून म्हणा आणि ई व ऊ च्या मधे तो कुठं बसतो ते बघा. सूर बाजूला काढला की रंग एकटा उरतो, आणि मग कान फसत नाही.

उच्चार_शिकवणारी:

मास्तर, नमस्कार तुम्हाला. एवढं स्वच्छ मला वर्गात सांगता आलेलं नाही. तुम्ही ज्याला रंग म्हणता त्याचे आम्ही आकडे मोजतो. गळ्यातनं आलेल्या आवाजातल्या काही पट्ट्या (तुमची सुराची पट्टी नव्हे, कमी-जास्त उंचीच्या आवाजांचे पट्टे) तोंडाच्या पोकळीमुळं उठावदार होतात, त्यातल्या पहिल्या दोन-तीन स्वर ओळखायला पुरतात. पुरुषाच्या आवाजात ई ची दुसरी पट्टी साधारण २३०० हर्ट्झला आणि ऊ ची ९०० च्या आसपास. कुजबुजताना तुम्हाला जे उतरताना ऐकू येतं ते मुख्यतः ही दुसरी पट्टी. ओठ गोल केले की पोकळी लांब होते आणि पट्टी खाली येते, जीभ मागं नेली की अजून खाली. सिस्टरच्या स्वरात फक्त ओठच गोल आहेत, जीभ पुढंच, म्हणून पट्टी मधे अडकते.

आता कान कसा उघडायचा ते, सकाळी राहिलेलं. सिस्टरनी जी जोडी तीस वेळा ऐकली ती एकाच माणसाच्या आवाजात होती का? बहुतेक असणार. तिथंच अडतं. १९५२ मध्ये अमेरिकेत बेल लॅबच्या पीटरसन आणि बार्नी यांनी ७६ जणांचे इंग्रजी स्वर मोजले, ३३ पुरुष, २८ बायका, १५ मुलं. आकडे कागदावर मांडले तर एकाचा एक स्वर दुसऱ्याच्या दुसऱ्या स्वरावर चढलेला! पोराचं तोंड लहान, पट्ट्या सगळ्याच वर, बापाच्या सगळ्याच खाली. आणि तरी ऐकणारा माणूस बहुतेक वेळा बरोबर ओळखतो कारण त्यानं जन्मभर हजार माणसं ऐकलेली असतात. एकाच बाईचा आवाज तीस वेळा ऐकून तुम्ही त्या बाईला ओळखायला शिकाल, स्वराला नाही. जपानी लोकांना इंग्रजीतला र आणि ल वेगळा कळत नाही हे प्रसिद्धच आहे, त्यांच्यावर १९९१ मध्ये अमेरिकेत लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी हेच केलं, वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात, वेगवेगळ्या शब्दांत जोड्या ऐकवल्या आणि दर उत्तराला लगेच सांगितलं बरोबर का चूक. मोठी माणसं होती ती, बाळं नव्हेत, आणि त्यांचा कान सुधारला.

तेव्हा असं करा. बाई, पुरुष, म्हातारं, पोर, मिळतील तेवढे आवाज गोळा करा, निदान पाच-सहा. रोज पंधरा मिनिटं. ऐकायचं, लिहायचं, आणि लगेच तपासायचं, तीस झाल्यावर एकदम नाही. चूक निघाली की तोच आवाज परत दोनदा ऐकायचा.

आणि हात जोडून सांगते, ती वही बंद करा. देवनागरी आपली लाडकी लिपी आहे, पण ती मराठीच्या स्वरांसाठी आहे. आपल्याच इंग्रजीचं बघा, आपण परीक्षेला टेस्ट लिहितो आणि चवीला पण टेस्ट लिहितो. कन्नड मुलाला हे दोन कधीच एक वाटत नाहीत, त्याच्याकडं आखूड ए आणि लांब ए ला वेगळी अक्षरं आहेत. आपल्याकडं ह्रस्व-दीर्घ आहे म्हणून आपल्याला वाटतं लांबी आपल्याला कळते, पण मराठीत इ-उ चं ह्रस्व-दीर्घ बहुतेक जागेवरनं ठरतं, मूल पण मुलाला, पीक पण पिकाला, दिन-दीन सारखे शब्द थोडे आणि तेही बोलताना कोण वेगळे म्हणतं. ए-ओ ला तर आपल्याकडं ह्रस्व नाहीच. डाळवाल्या दादांनी बॆळे लिहिताना वापरली ती मात्रा मराठी शाळेत कुणी शिकवत नाही, ती द्रविड भाषांतले शब्द देवनागरीत लिहिण्यासाठी करून घेतलेली आहे. केरळच्या मैत्रिणीचं पण त्यातच उत्तर आहे. मल्याळममध्ये सगळ्या स्वरांची लांबी खरोखर अर्थ बदलते, त्यामुळं जर्मनचं निम्मं काम तिचं आधीच झालेलं आहे. पण गोल ओठांचा ई तिच्या भाषेत पण नाही, तो तिनं कष्टानंच मिळवला असणार.

तुमच्याकडं पण कन्नड आहे की सिस्टर. बॆन्नु आणि ब्यानी तुम्ही आता चुकता का?

रविवारपेठ_डाळवाला:

वहीचं मॅडम बोलल्या ते शंभर टक्के. मी पण बॆळे-बेळे दोन्ही मनात मराठीत लिहून बघायचो, लिहिलं की एकच दिसायचं, आणि दिसलं एक की ऐकू पण एकच यायचं.

मच्छेकर:

ठीक आहे, माझं म्हणणं मागं घेतो. आत्ता बायकोसमोर ते कुजबुजायचं करून बघितलं, खरंच उतरतं. ओठांचं मात्र माझं जमेना, जीभ मागं पळते.

उद्यमबागवाला:

पेन्सिल आडवी दातांत धरू नका, ते काहीजण सांगतात पण त्यानं ओठ पसरतात. दोन बोटं गालावर ठेवून ओठ पुढं ढकला, जिभेकडं लक्ष ठेवा फक्त. रोज थोडं.

खानापूरची_सिस्टर:

तीन आठवडे झाले, म्हटलं येऊन सांगावं. वही कपाटात ठेवली. पहिल्यांदा तोंड बसवलं, ड्युटी संपल्यावर चेंजिंग रूमच्या आरशात, दोन सिस्टर मला बघून विचारायला लागल्या काय झालंय, मग त्या पण करायला लागल्या. सात आवाज गोळा केलेत, त्यात एक आजोबा आहेत, ते फार पुटपुटतात पण त्यांचाच जास्त उपयोग झाला.

काल परत तीसची परीक्षा घेतली, सातही आवाज मिसळून. किस्सन आणि ते दुसरं (आता मी ते देवनागरीत लिहीतच नाही), तीसपैकी पंचवीस. चार आणि 'साठी' वाली जोडी अजून एकवीसच येतायत, शेवटी र विरघळतो म्हणून असेल का मॅडम? मात्र एक गोष्ट झाली. परवा ऐकताना एका वाक्यात तो स्वर आला आणि मला तो ई पण वाटला नाही, उ पण वाटला नाही, तोच वाटला. लक्ष देऊन ऐकत नव्हते, भाकऱ्या करत होते, तवा तापलेला, आणि मोबाईल कट्ट्यावर चालू होता. मी भाकरी तशीच सोडून मागं नेऊन परत लावलं, परत तोच. भाकरी करपली.

मॅडम, तुम्ही विचारलं होतं ते. नाही चुकत आता, बॆन्नु वेगळं आणि ब्यानी वेगळं सरळ कळतं. पण ते कधी कळायला लागलं हे आठवून बघितलं तर आठवत नाही.

उच्चार_शिकवणारी:

पंचवीस! शाबास. र बद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे, तो र तिथं जवळजवळ अ होऊन जातो आणि स्वराचा शेवट धूसर करतो. त्या जोडीसाठी पहिला अर्धाच तुकडा ऐका, शब्द पूर्ण व्हायच्या आधी थांबवून उत्तर लिहा. स्वर ताजा असतो तेव्हाच पकडायचा. टिंबांचा ओ पुढच्या महिन्यात घ्या, दोन्ही एकदम नको.